कुप्पायम आणि पदर

२६ जुलै १८५९ रोजी त्रावणकोर दरबाराने एक जाहीरनामा प्रसृत केला. शाणार जातीच्या स्त्रियांनी वक्ष झाकण्यास दरबाराची हरकत नाही, असे त्यात म्हटले होते. ख्रिस्ती शाणार स्त्रियांप्रमाणे त्यांनी जॅकेट घालावे, कोळिणींप्रमाणे जाडेभरडे वस्त्र अंगाभोवती गुंडाळावे, किंवा अन्य कोणत्याही रीतीने अंग झाकावे. मात्र उच्च जातीच्या स्त्रियांसारखे झाकू नये. जवळजवळ अर्धशतकभर चाललेल्या संघर्षाचे सारे मर्म या शेवटच्या अटीत आहे. भारतीय ख्रिस्ती स्त्रीच्या वेषाचा विचार करताना शालीनतेचा प्रश्न हा प्रथमतः धर्मोपदेशाचा प्रश्न मानला जातो. दक्षिण त्रावणकोरचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

त्या काळच्या कागदपत्रांतील शाणार म्हणजे आजचे नाडार. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे, गूळ करणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय; वस्ती मुख्यतः आजच्या कन्याकुमारी जिल्ह्याच्या टापूत. त्यांच्या स्त्रियांनी कमरेच्या वर वस्त्र घेऊ नये, असा दंडक होता. परंतु हा दंडक केवळ त्यांच्यापुरता होता असे समजल्यास त्याचे स्वरूपच कळणार नाही. केरळात वरिष्ठापुढे अंग उघडे ठेवणे ही आदराची खूण होती. नायर स्त्री नंबूदिरी ब्राह्मणापुढे खांद्यावरचे वस्त्र बाजूला करी आणि ब्राह्मणही देवापुढे उघड्या अंगानेच उभा राही. देवळात पुरुषाने सदरा उतरवून जाण्याचा केरळातील रिवाज हा त्याच कल्पनेचा अवशेष होय. उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी कोणापुढे तरी अंग उघडे करीत असे. तळाच्या स्त्रीवर मात्र सारेच वरिष्ठ असल्याने तिला झाकण्याची वेळच कधी येत नसे. म्हणजे त्या समाजात उघडेपणा निर्लज्जपणाचा मानला जात नव्हता. निर्लज्जपणा ठरत होता तो आपली पायरी विसरून अंग झाकण्याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रिंगलटाउबे यांच्यामागून लंडन मिशनरी सोसायटीची माणसे या प्रदेशात आली आणि शाणार मोठ्या संख्येने ख्रिस्ती होऊ लागले. १८१२ मध्ये कर्नल मन्रो यांनी, अन्य देशांतील ख्रिस्ती स्त्रियांप्रमाणे येथील धर्मांतरित स्त्रियांनीही वक्ष झाकावे, अशी परवानगी दिली. १८१४ च्या परिपत्रकाने तिला मर्यादा घातली : सिरियन ख्रिस्ती व मापिळा स्त्रिया घालतात तसला कुप्पायम, म्हणजे अंगरखा, चालेल, नायर स्त्रियांचे उपरणे चालणार नाही. मिशनरींच्या पत्नींनी मग आखूड बाह्यांचे एक सैल जॅकेट बेतले. हे वस्त्र एका तडजोडीचे अपत्य होते. मिशनला अंग झाकलेले हवे होते, दरबाराला जात दिसायला हवी होती, आणि जॅकेटने दोघांचेही समाधान झाले.

ज्यांच्यासाठी ते शिवले त्या स्त्रियांचे समाधान मात्र झाले नाही. त्यांनी जॅकेट घातले आणि त्यावरून खांद्यावर वस्त्रही घेतले. संघर्ष पेटला तो या वस्त्रामुळे. आजही तमिळमध्ये तो खांद्यावरील वस्त्राच्या नावानेच, ‘तोळ्शीलै’चा लढा म्हणून, ओळखला जातो. जॅकेट असताना वर आणखी वस्त्र कशाला, हा प्रश्न युरोपियन मनाला पडणे स्वाभाविक आहे. मराठी वाचकाला तो पडू नये. चोळीने अंग झाकले जात असतानाही आपण पदर घेतोच की! पदर येणे, पदर सावरणे, पदर खोचणे, पदर पसरणे या प्रयोगांतला पदर केवळ अंग झाकणारा नसतो. वय, नाते, मान, याचना हे सारे त्या वीतभर कापडाच्या हालचालीतून व्यक्त होत असते. जॅकेटने लज्जारक्षण झाले असेल. पण स्त्री म्हणून जी प्रतिष्ठा शेजारची नायर स्त्री खांद्यावर मिरवीत होती, ती जॅकेटात शिवता येण्यासारखी नव्हती.

या स्त्रियांपैकी कोणाचे आत्मकथन माझ्या वाचनात आलेले नाही. त्यांच्याविषयी आपण वाचतो ते मिशनचे अहवाल आणि दरबारचे हुकूम. दोन्ही दुसऱ्यांच्या लेखणीतून उतरलेले. तेव्हा त्यांचे मत त्यांच्या कृतीवरूनच वाचावे लागते, आणि ही कृती पुरेशी स्पष्ट आहे. १८२२-२३ मध्ये कल्कुळम भागात त्यांच्या अंगावरची वस्त्रे भर बाजारात फाडली गेली. १८२७ नंतर पुन्हा दंगे उसळले, शाळा आणि प्रार्थनागृहे जाळली गेली. ३ फेब्रुवारी १८२९ च्या जाहीरनाम्याने खांद्यावरचे वस्त्र पुन्हा निषिद्ध ठरवले. तरी वस्त्र खांद्यावरून उतरले नाही. विशेष म्हणजे पुढील काळात हिंदू शाणार स्त्रियाही ते घेऊ लागल्या. ज्यांना बायबलचा उपदेश लागू नव्हता, त्यांनाही हे वस्त्र हवेसे वाटले, याचा अर्थ काय, हे चर्चच्या इतिहासकारांनी पुरेशा गांभीर्याने विचारलेले नाही, असे मला वाटते.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. १८२९ च्या सुमारास त्रावणकोरचे दिवाण वेंकटराव आणि १८५९ चे दिवाण टी. माधवराव हे चुलते-पुतणे, तंजावरकडील मराठी देशस्थ घराण्यातले. बडोद्यात सयाजीरावांच्या अल्पवयीन काळात कारभार पाहणारे सर टी. माधवराव ते हेच. १८५८ च्या अखेरीस पुन्हा हिंसाचार सुरू झाला तेव्हा माधवरावांनी दोन्ही बाजूंना आवरण्याचा प्रयत्न केला. वरिष्ठ जातींना कायदा हाती घेऊ नका म्हणून बजावले आणि शाणारांना जुनी चाल मोडू नका असेही सांगितले. त्यांच्या घरात पदराचा अर्थ सर्वांना ठाऊक असणार. तरीही वस्त्राचा प्रश्न त्यांना सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणूनच दिसला. पुढे मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांचा दबाव वाढला, आणि आरंभी सांगितलेला जाहीरनामा निघाला.

मिशनलाही पूर्णतः निर्दोष मानता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी मर्यादशील वेष करावा असे म्हटले आहे. पण तेथील रोख सोने, मोती आणि किमती वस्त्रे यांच्या डौलावर आहे. किती अंग झाकावे याचे माप त्यात नाही. ते माप युरोपातून आले. नागरकोविलच्या मिशन शाळेत मुलींना लेस विणायला शिकवले गेले आणि ती लेस युरोपियन ग्राहकांसाठी विकली गेली. या कामाने अनेकींना स्वतःची कमाई दिली, हे खरेच. पण ज्यांच्या खांद्यावरच्या साध्या वस्त्रासाठी दंगे होत होते, त्याच समाजाच्या मुली परक्या स्त्रियांच्या वेषाची शोभा विणत होत्या, हेही विसरता येत नाही.

ख्रिस्ती शालीनतेचे एकच माप नव्हते, याची साक्ष गोव्यातही मिळते. १७३६ मध्ये इन्क्विझिशनच्या आदेशाने ख्रिस्ती स्त्रीला चोळी घालण्यास मनाई झाली, कारण चोळी हिंदूपणाची खूण मानली गेली. पाऊणशे वर्षांनी, वेगळ्या पंथाच्या प्रेरणेने, चोळीसारखाच कपडा त्रावणकोरात ख्रिस्तीपणाची खूण ठरला.

१८५९ ची अट कागदावर राहिली आणि हळूहळू निरर्थक झाली, कारण पुढच्या काही दशकांत जॅकेटच खालून वर चढत गेले. नायर, ईळवा घरांतूनही ते शिरले, आणि तेथे जुन्या लाजेशी त्याची गाठ पडली. पुढे त्रावणकोर-कोचीनचे मुख्यमंत्री झालेले सी. केशवन यांनी आपल्या आत्मचरित्रात सासूबाईंची आठवण सांगितली आहे. तिरुवनंतपुरमहून नणंदेने आणलेले रवके त्यांनी हौसेने अंगात घातले, तेव्हा त्यांच्या आईने, मुसलमान बायकांसारखा अंगरखा घालून कुठे मिरवायला निघालीस, अशा अर्थाने झिडकारून मार दिला. मग त्या दिवसा ते घालीत नसत. रात्री, नवरा घरी आल्यावर, आईच्या नकळत घालीत.