यशवंत घाडगे: इटलीत एकट्याने शत्रूची मशीनगन चौकी जिंकणारा रायगडचा जवान

दुसऱ्या महायुद्धात लढणारे मराठी सैनिक म्हटलं की फारशी नावं आठवत नाहीत. पण माणगाव तालुक्यातल्या एका २२ वर्षांच्या तरुणाचं नाव आज इटलीतल्या एका स्मारकावर आहे. नाईक यशवंत घाडगे असं या तरुणाचं नाव. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. काय घडलं होतं त्या दिवशी?

यशवंत घाडगे कोण होते?

यशवंत घाडगे मूळचे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. ते ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. सैन्यातल्या सर्वात लहान तुकडीला सेक्शन म्हणतात. त्यात साधारण दहा जवान असतात. अशाच एका रायफल सेक्शनचं नेतृत्व घाडगे यांच्याकडे होतं.

१० जुलै १९४४ ला काय घडलं?

४ जून १९४४ ला दोस्त सैन्याने रोम घेतलं आणि जर्मन फौजा उत्तरेकडे मागे सरकू लागल्या. पण सरकताना त्या प्रत्येक डोंगरावर, प्रत्येक गावाजवळ मोर्चे लावून लढत होत्या. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने अशाच एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला.

घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. काही क्षणांत सेक्शनमधले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते फक्त घाडगे.

सोबत यायला कुणीच उरलेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही टॉमी गनने गोळ्या झाडत ते थेट मशीनगनच्या दिशेने धावले. आधी ग्रेनेड फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा सैनिक, दोन्ही निकामी केले. त्यानंतर आणखी एकाला गोळी घातली. दोन शत्रू अजून बाकी होते आणि टॉमी गनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. घाडगे यांनी बंदूक नळीकडून पकडली आणि तिच्याच घावांनी त्या दोघांना ठार केलं.

चौकी ताब्यात आली. पण शत्रूच्या स्नायपर्सनी त्यांना टिपलं आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच चौकीत त्यांनी प्राण सोडला. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

मरणोत्तर पदक पूर्वी मिळत नव्हतं?

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक १८५६ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला लढताना मरण आलेल्या सैनिकाला ते देण्याची पद्धत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे धोरण बदललं. भारतीय सैनिकांना तर या पदकाचा हक्कच १९११ मध्ये मिळाला.

इटलीच्या मोहिमेत २० व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. त्यातले ६ भारतीय सैन्यातल्या जवानांचे होते आणि त्या सहापैकी तिघांना ते मरणोत्तर मिळाले. याच मोहिमेत पदक मिळवणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव मात्र जिवंत परतले.

स्वतंत्र भारतातही चित्र फार वेगळं नाही. आतापर्यंतच्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. सर्वोच्च पदकाला पात्र ठरणारी कामगिरी करून परत येणं किती अवघड असतं, ते या आकड्यांवरून कळतं.

मग हे नाव मागे का पडलं?

भारतात 'चले जाव'ची हाक दिली गेली, त्याला तेव्हा दोन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. घाडगे लढले ते ब्रिटिशांच्या झेंड्याखाली. पुढे देश स्वतंत्र झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांत स्वातंत्र्यलढा ठळकपणे आला, पण इटलीच्या डोंगरात पडलेल्या जवानांना त्यात फारशी जागा मिळाली नाही. या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनचे सुमारे ५० हजार सैनिक लढले. त्यातले ५,७८२ जण परतलेच नाहीत.

आज त्यांची आठवण कुठे आहे?

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या पेरूजाजवळच्या मोंटोने या गावात त्यांच्या नावाने स्मारक उभारण्यात आलं. हे स्मारक म्हणजे एक चालू सूर्यघड्याळ आहे. 'आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्याचं ब्रीद आहे. हे स्मारक उभारण्यात मोंटोनेची नगरपालिका आणि तिथले लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांचा पुढाकार होता.

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाताना माणगाव लागतंच. पुढच्या वेळी तिथे थांबलात, तर हा पुतळा नक्की पाहा.