दारातल्या वेगळ्या डब्यांची कुळकथा

२४ नोव्हेंबर १८८३ रोजी पॅरिसचे प्रीफेक्ट (प्रशासनप्रमुख) युजेन पुबेल यांनी घरमालकांसाठी हुकूम काढला. प्रत्येक इमारतीत झाकणाचे डबे ठेवायचे: सडणारा कचरा एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, खापऱ्या आणि कालवांची टरफलं तिसऱ्यात. चिंध्या वेचून पोट भरणारे लोक खवळले, कारण त्यांची भाकरी रस्त्यावरच्या ढिगात होती. त्यांना विचारलंच कोणी नव्हतं.

आपल्याकडे कचरा वेगळा ठेवायची पद्धत रुजवली ती कचरा वेचणाऱ्या बायांनी, आणि तिची पाळंमुळं मराठवाड्यापर्यंत जातात. १९७२च्या दुष्काळात इथली असंख्य भूमिहीन कुटुंबं पुण्या-मुंबईकडे गेली. त्यांतल्या अनेक दलित बायांच्या वाट्याला कचराकुंड्या उपसणं आलं. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडसारख्या गावांना हे परागंदा होणं नवं नाही. ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजुरांची जोडपी, अजूनही दरसाल निघतात.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण प्रौढशिक्षणासाठी पुण्यातल्या या बायांमध्ये गेल्या. बायांची अडचण वेगळीच होती. खरकट्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही, कुंडीत हात घातला की काच लागते. म्हणून कोरेगाव पार्कमधल्या घरांना विनंती झाली की सुका कचरा वेगळा ठेवा आणि दारातच या बायांच्या हाती द्या. बायांना ओळखपत्रं मिळाली आणि काम जमलं. तेवढ्यात एक व्यावसायिक गाडी घेऊन त्याच घरांचा सुका कचरा उचलू लागला. बाया एकजुटीने आडव्या आल्या आणि त्याला माघार घ्यावी लागली. मे १९९३मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली.

२००० साली केंद्राच्या नियमांनी शहरांना दारोदार कचरा गोळा करणं बंधनकारक केलं. २००८मध्ये पुणे महापालिकेने बायांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. बाया ढकलगाडी घेऊन गल्ली करतात, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत देतात, सुका निवडतात. घरटी महिन्याचं शुल्क त्यांचं आणि भंगाराचे पैसेही त्यांचे. वापरलेला सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हे त्यांनीच घरोघरी सांगितलं, म्हणजे निवडताना पुडी उघडावी लागत नाही. इतक्या बारीक गरजेची जाण ज्याचे हात कचऱ्यात असतात त्यालाच असते.

ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात २०२०पासून गावांतही घनकचऱ्यावर भर आला. पण बहुतेक ठिकाणी बोलणं गाडीच्या खरेदीपासून सुरू होतं, आणि घरात वेगळं न केलेलं सगळं तिच्यात एकत्र पडतं. गावात भंगार वेचणारी माणसं आधीपासून असतात. त्यांना ओळखपत्र, निवडायला पत्र्याची शेड आणि सुक्या मालावर हक्क हवा. पुण्यातल्या बायांना महापालिकेच्या करारापर्यंत पोहोचायला १९९३पासून पंधरा वर्षं झगडावं लागलं. दिंद्रुडच्या ग्रामसभेला हे एका ठरावात लिहून देता येईल.