मुंबईचा कर, वऱ्हाडचा कापूस

माझे आजोबा खामगावला एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्या रोजकीर्दीच्या दोन वह्या अजून माझ्याकडे आहेत. गाडीवानाला दिलेले आणे, जीनमधून आलेली रुई, सरकीचा भाव आणि जवळजवळ प्रत्येक पानावर ‘मुंबईस रवाना’. ‘मुंबई साऱ्या देशाला पोसते’ हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा ऐकले, आणि दर वेळी त्या वह्या आठवल्या. करवाटपाच्या इतिहासाकडे मी वळलो तो त्यामुळेच.

या वादाची पहिली ठळक नोंद १९२० सालची. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी केंद्राचा आणि प्रांतांचा महसूल वेगळा केला. जमीनमहसूल, अबकारी आणि स्टँप प्रांतांकडे गेले. जकात आणि आयकर केंद्राकडे. या विभागणीत केंद्राला ९८३ लाखांची तूट येणार होती. ती प्रांतांकडून वर्गणीरूपाने भरून घ्यायचे ठरले आणि वर्गणी ठरवण्याचे काम लॉर्ड मेस्टन यांच्या समितीकडे आले. समितीने मद्रासवर ३४८ लाख, संयुक्त प्रांतावर २४०, पंजाबवर १७५, ब्रह्मदेशावर ६४, बंगालवर ६३, मुंबईवर ५६, मध्य प्रांत-वऱ्हाडवर २२ आणि आसामवर १५ लाख बसवले. बिहार-ओरिसाला माफी मिळाली.

आकडे वाचून कोणालाही वाटेल की मुंबई स्वस्तात सुटली. मद्रासमध्ये तसेच वाटत होते. पण समितीने मोजले होते ते नव्या विभागणीत कोणत्या प्रांताच्या हाती किती जास्त पैसा उरतो, एवढेच. मद्रासच्या रयतवारी मुलखात जमीनमहसूल भरपूर होता आणि तो आता सगळा मद्रासचा झाला. बंगालमध्ये १७९३च्या कायमधाऱ्याने तो गोठलेला होता. मुंबईची श्रीमंती गिरण्यांत आणि व्यापारात होती. तिच्यावरचा कर म्हणजे आयकर, आणि तोच केंद्राने उचलला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नव्हता. म्हणजे शेतीप्रधान प्रांताचा मुख्य कर घरात राहिला आणि गिरणीवाल्या प्रांताचा दिल्लीला गेला. मुंबई सरकारची तक्रार ५६ लाखांच्या वर्गणीपुरती नव्हती. खरी तक्रार या आयकराची होती, आणि मला ती रास्त वाटते.

त्यावर मलम म्हणून एक नियम झाला: १९२०-२१ पेक्षा जितके जास्त उत्पन्न आकारले जाईल, त्या वाढीवर प्रांताला रुपयामागे ३ पै. यातली मेख वर्षाच्या निवडीत आहे. महायुद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांनी अमाप नफा कमावला होता. तेजी ओसरली, गिरण्या मंदीत गेल्या, आणि वाढच नसल्याने मुंबईच्या हाती फारसे काही पडले नाही. प्रांतांच्या वर्गण्या १९२८-२९ मध्ये कायमच्या रद्द झाल्या. आयकराचा प्रश्न मात्र १९३६च्या नीमायर निवाड्यापर्यंत लोंबकळला. नीमायरांनी आयकराचा निम्मा भाग प्रांतांना देऊ केला आणि त्यातले मुंबईला व बंगालला प्रत्येकी २० टक्के दिले. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या वाट्याला ५ टक्के आले.

इथे मला खामगावच्या वह्या पुन्हा उघडाव्याशा वाटतात. जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा लॉर्ड मेयोंच्या हस्ते १८७० साली सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठी. कापूस वऱ्हाडात पिके, आणि गिरणीचा, दलालाचा, निर्यातदाराचा नफा मुंबईत मोजला जाई. त्यावरचा आयकर ‘मुंबईने भरला’ असे खात्यात लिहिले जाई. बंदरावरच्या जकातीचेही तेच. नागपूरच्या गिऱ्हाईकाने घेतलेल्या परदेशी मालावरची जकात शेवटी त्याच्याच खिशातून जाई, पण वसुली मुंबई बंदरावर दिसे. कर कुठे गोळा होतो आणि तो कोणाच्या घामातून येतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत. गंमत अशी की तागाच्या बाबतीत नीमायरांनी हे मान्य केले होते. तागाच्या निर्यातकराचे ६२.५ टक्के ताग पिकवणाऱ्या प्रांतांना मिळाले. कापसावर तसा करच नव्हता, त्यामुळे वऱ्हाडला मागायलाही काही नव्हते.

फाळणीनंतर, १९५० साली, चिंतामणराव देशमुखांनी नवी वाटणी ठरवली. तीत मुंबईला २१ टक्के मिळाले. देशमुखांची सनदी नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडात सुरू झालेली, म्हणजे कापसाची ही वाट त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली असणार. नियोगींच्या पहिल्या वित्त आयोगाने मात्र वाटणीचे गणित बदलले: ८० टक्के भार लोकसंख्येवर, २० टक्के वसुलीवर. मुंबई राज्याचा वाटा १७.५ वर आला. पुढच्या आयोगांत वसुलीचे वजन कधी १०, कधी २० टक्के राहिले आणि अखेरीस ते निकषच गेले. पंधराव्या आयोगाने महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले. देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक वसुली महाराष्ट्रात नोंदली जाते. लोकसंख्येतला वाटा सुमारे ९ टक्के. लोकसंख्येच्या मापानेही ६.३ कमीच आहेत, आणि महाराष्ट्राने भांडायचे तर या मापावर भांडावे असे माझे मत. एक तृतीयांशाच्या आकड्यात देशभर धंदा करणाऱ्या आणि मुंबईत कचेरी थाटलेल्या कंपन्यांचा करही आहे. त्यावर हक्क सांगताना आवाज जरा खाली ठेवलेला बरा.

१९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले. कापूस आणि बंदर एका राज्यात आले, आणि तक्रार घरात शिरली. दांडेकर समितीने १९८४ साली राज्यातल्या प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, तो ३,१८६ कोटींच्या घरात गेला, आणि त्यात विदर्भ-मराठवाड्याचा वाटा मोठा होता. आम्ही दिल्लीला जो हिशेब दाखवतो, तोच खामगावहून मुंबईला दाखवला जात होता.

आजोबांच्या दुसऱ्या वहीचे शेवटचे पान अर्धे कोरे आहे. वरच्या अर्ध्या भागात बावीस गाठींची नोंद आहे. पुढे ‘मुंबईस रवाना’, आणि जमेच्या बाजूला अडत, हमाली, तोलाई.