रिद्धपूर आणि बाईचे चार दिवस

वऱ्हाडातल्या स्त्रियांच्या आरोग्याचा इतिहास सांगायला बसले की बोट आपसूक दोन इमारतींकडे जाते. अमरावतीचे डफरीन आणि अकोल्याचे लेडी हार्डिंग. सरकारी कागदांवर दोन्ही आज जिल्हा स्त्री रुग्णालये आहेत, पण बाळंतपणाला निघालेली बाई अजूनही ‘डफरीनले’ जाते. दोन्ही नावे व्हाइसरॉयच्या बायकांची. लेडी डफरीन यांनी १८८५मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत पोचवण्यासाठी निधी उभारला, कारण पुरुष डॉक्टरपुढे अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका घरोघर होत्या. त्या निधीच्या नावाच्या रुग्णालयांनी किती जीव वाचवले, हे वऱ्हाडात कुणाला सांगावे लागत नाही. तरीही हा इतिहास १८८५पासून सुरू करणे मला अपुरे वाटते. बाईचे शरीर रोगी होण्याआधी ते तिला स्वतःलाच दोषी वाटत होते. त्या दोषाचा विचार याच मुलखात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला ज्यांचे मूळ आहे अशा माणसांनी, सहा शतके आधी केला होता. बाईच्या मनाची शांती हा आरोग्याचाच भाग आहे आणि ती शरीराविषयीच्या खोट्या अपराधभावातून सुटल्याशिवाय मिळत नाही, हे त्या विचाराचे सार आहे. वऱ्हाडाने तो जन्माला घातला आणि वापरायचा मात्र राहू दिला, असे माझे म्हणणे आहे.

तेराव्या शतकातले रिद्धपूर म्हणजे गोविंदप्रभूंचे गाव. कुणाच्याही दारी जाऊन बसणारे, पोरांत खेळणारे, मांगवाड्यातही तितक्याच सहजपणे शिरणारे हे अवलिया पुरुष. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांनी त्यांनाच गुरू मानले आणि आपल्यामागे अनुयायांनी रिद्धपुरी जावे असे सांगितले. चक्रधरांच्या आठवणी, म्हणजे लीळा, म्हाइंभट या अनुयायाने १२७८च्या सुमारास गोळा केल्या, तोच लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ. त्यात बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा अशा बायका पानोपानी आहेत. त्या प्रश्न विचारतात, रुसतात, वाद घालतात, स्वयंपाकाची चिंता करतात. या बायकांच्या संगतीत विटाळाचा प्रश्न येणे अटळ होते. चक्रधरांनी त्याला दिलेले उत्तर मराठी विचाराच्या इतिहासात मोलाचे आहे. शरीराला नऊ द्वारे आहेत, असे ते सांगतात. डोळ्यांतून चिपडे येतात, नाकातून शेंबूड, कानातून मळ. त्याचप्रमाणे आणखी एका द्वारातून हा स्राव होतो आणि काही दिवसांनी थांबतो. शेंबडाचा विटाळ धरत नसाल तर याचाही धरायचे कारण नाही. यात देवाची आण नाही, शास्त्राचा दाखला नाही, की बाई देवीचे रूप असल्याचा गौरवही नाही. आपल्याच अंगाकडे पाहून ज्याची त्याने पारख करावी, असा हा युक्तिवाद आहे.

त्याचे बळ कशात आहे ते नीट पाहिले पाहिजे. विटाळाच्या कल्पनेत दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, मळ आणि पाप. मळ धुता येतो. पाप मात्र माणसाला चिकटते, आणि ते दर महिन्याला चिकटत असेल तर माणूस जन्मभर त्याच्याच हिशेबात राहतो. पाळी आलेली बाई लोणच्याच्या बरणीला हात लावायला भिते, तुळशीवर सावली पडेल म्हणून वळसा घालते, घरात कुणी आजारी पडले की आपले काही चुकले असेल का, हे मनात चाचपत बसते. हे भय तिला कुणी रोज शिकवावे लागत नाही. बारा-तेराव्या वर्षी एकदा बसले की पुढची पस्तीस वर्षे ते तिच्या आतून चालू राहते. अशा मनाला ध्यान, जप, पारायण काही घटका विसावा देतील, पण भयाचे मूळ शाबूत राहील. चक्रधरांनी मळ आणि पाप यांची गाठ सोडवली आणि बाईच्या वाट्याला फक्त मळ ठेवला. जो डोळ्यांना, नाकाला, पुरुषालाही असतो. स्त्रियांना धर्माचा अधिकार कसा, असे विचारणाऱ्याला त्यांनी, तुमचा तेवढा जीव आणि यांचा काय जीवडा, अशा अर्थाचे खडसावले होते, हे प्रसिद्धच आहे. जीव समान असल्याचे सांगणारे संत पुष्कळ झाले. ते समानपण पाळीच्या चार दिवसांपर्यंत नेऊन भिडवणारा मला दुसरा आठवत नाही.

या विचाराने काय बदलले, याचा जवळून दिसणारा पुरावा महदाइसा आहे. ती बालविधवा. त्या काळच्या मापाने मंगलकार्यात तिची सावलीही नको. तिनेच रिद्धपूरला गोविंदप्रभूंना लग्नाची हौस आली त्या प्रसंगी धवळे रचले आणि गायले. धवळे म्हणजे वराकडे पाहून गायची लग्नातली गाणी. विषय रुक्मिणीच्या स्वयंवराचा. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो, पण त्या दृश्यात कवितेपलीकडचे बरेच आहे. जिच्या देहाला समाजाने अपशकुन ठरवले होते, ती देवाच्या लग्नाला उभी राहून मोकळ्या गळ्याने गाते आणि भोवतालच्या कुणालाही त्यात वावगे दिसत नाही. मनाच्या स्वस्थतेची यापेक्षा चांगली साक्ष मला ठाऊक नाही. दुसरा पुरावा भाषेचा. पंथातले पंडित केशोबास यांना पंथाचे लेखन संस्कृतात करायचे होते. चक्रधरांनंतर पंथाचे प्रमुख झालेल्या नागदेवाचार्यांनी अडवले, कारण त्याने आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. पंथाच्या प्रमुखापुढे पंडितांची दाद मिळवण्याचा मार्ग मोकळा होता, आणि त्याने विचार केला तो अक्षरओळख नसलेल्या बायांच्या कानांचा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आजची स्त्रीमुक्ती आपण तेराव्या शतकावर लादत तर नाही ना? चक्रधरांच्या वचनांचे महानुभावीय सूत्रपाठ वाचणारा हे विचारणारच. त्यात संन्यस्त पुरुषाने चित्रातली स्त्रीसुद्धा पाहू नये, इतकी कडक आज्ञा आहे. बाईला साधनेतला धोका मानण्याची जुनी सवय पंथात पुरेपूर होती. चक्रधरांना स्त्रीपुरुषांचा संसार समान करायचा नव्हता, संसारच सोडवायचा होता. हे सगळे खरे आहे आणि ते झाकून चक्रधरांना आजचे सुधारक बनवणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. पण त्यामुळे विटाळाविषयीच्या युक्तिवादाचे मोल घटत नाही. मोहाच्या भीतीने बाईपासून दूर राहणारा संन्यासीही तिचा स्राव अपवित्र आहे, असे म्हणू शकत नव्हता, कारण गुरूने ती वाट बंद केली होती. विरक्तीच्या हेतूने का होईना, एक गोष्ट तर्काने सिद्ध झाली आणि लिहून ठेवली गेली. हेतू पंथाचा होता. तर्क कुणालाही उचलता येण्याजोगा होता.

तो उचलला गेला नाही, याचे कारण पंथाच्या पुढच्या इतिहासात आहे. बाहेरचा रोष, आतल्या शाखा आणि पोथ्यांच्या पावित्र्याची काळजी यांमुळे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. ज्या म्हाताऱ्या संस्कृतामुळे नागवल्या जाऊ नयेत म्हणून नागदेवाचार्य अडून बसले होते, त्यांच्या लेकीसुनांना आता मराठी अक्षरही परके झाले. मठात ऐकायला मिळेल तेवढेच त्यांचे. यातली सकळ लिपी इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी उलगडली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी १९२५मध्ये महानुभावीय वाङ्मयाचा परिचय छापला, ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग काढले, आणि मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या वि. भि. कोलते यांची आवृत्ती १९७८मध्ये शासनाने प्रसिद्ध केली. तोवर सहाशेहून अधिक वर्षे गेली होती. मधल्या काळात पंथाची काही स्थाने भूतबाधा उतरवण्यासाठी प्रसिद्ध झाली. बुलढाणा-जालन्याच्या सीमेवरच्या जाळीच्या देवाला आजही घरची माणसे पछाडलेल्या बाईला घेऊन येतात. महाराष्ट्रातल्या अशाच एका महानुभाव मंदिरावर व्हिडा स्कल्टन्स या अभ्यासक बाईंनी १९८७मध्ये लिहिले, तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली होती. घरातले माणूस वेडसर झाले की त्याच्यासोबत आलेली आई किंवा बायको स्वतः घुमू लागते आणि त्याचे दुखणे आपल्या अंगावर यावे, अशी इच्छा करते. घरातल्या साऱ्या अशुभाचा भार बाईच्या देहाने वाहायचा, हा जुना संस्कार त्या देहाला निर्दोष ठरवणाऱ्या पंथाच्या अंगणातही टिकून राहिला. यात त्या बायांना दोष देण्यासारखे काही नाही. त्यांच्यापर्यंत इतर लीळा पोचल्या, पण विटाळाची ही लीळा पोचली नाही.

विसाव्या शतकात वऱ्हाडाने मळ आणि पाप वेगळे करण्याचे काम पुन्हा हाती घेतले. शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, गावात शिरले की आधी झाडू हातात घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. घाण ही झाडायची वस्तू आहे, कुणाची जात नव्हे, हे त्यांनी भाषणाशिवाय दाखवले. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, आणि ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला व महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिले. सोवळ्याची जागा स्वच्छतेने घ्यावी यासाठी एका जिल्ह्यातून इतके मोठे काम झाल्याचे उदाहरण विरळाच. पण ही स्वच्छता रस्ता, नाली, विहीर, संडास येथवर आली आणि न्हाणीच्या दारात थांबली. पाळीचे फडके तिच्या हाती कधी लागलेच नाही. जुन्या लुगड्याची घडी घातलेले ते धडुते बाई पहाटे कुणी उठायच्या आत धुणार, आणि वाळत घालणार तेही गोठ्याच्या कोपऱ्यात, नाहीतर दुसऱ्या लुगड्याच्या आड. वैशाखात जिथे भांडी उन्हाने हाताला चटका देतात, त्या वऱ्हाडात हेच एक कापड ओलसर अंधारात वाळते. ऊन फुकट आहे. ते फडक्याला मिळत नाही ते लाजेपायी. त्यातून खाज येते, जंतुसंसर्ग होतो, आणि अंगावरून जाणे वर्षानुवर्षे अंगावरच काढले जाते. महाराष्ट्र शासनाने २०१८मध्ये अस्मिता योजना काढून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचे पाकीट देऊ केले. योजना चांगलीच होती. पण दुकानदार पॅडचे पाकीट काळ्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, तेव्हा गुंडाळण्याची कृती मुलीला पाकिटापेक्षा जास्त काही शिकवून जाते.

‘पाळीत बाहेर बसल्याने निदान चार दिवस बाईला विसावा तरी मिळत होता,’ असे जाणत्या बायकाही म्हणतात, आणि हा आक्षेप सगळ्यांत जड आहे. स्वयंपाक नाही, पाणी भरणे नाही, कुणी कामाला हाक मारणार नाही. राबणाऱ्या बाईला हे चार दिवस सुटीसारखे वाटले असतील, यात शंका नाही. मात्र हा विसावा कुणाला मिळत होता, हे विचारावे लागते. घरात दुसरी सून, सासू, नणंद असेल तरच बाहेर बसता येते. रोजाने निंदायला किंवा कापूस वेचायला जाणारी बाई चार दिवस बसली तर चार दिवसांचा रोज बुडतो. चूल तिला वर्ज्य होती. वावर वर्ज्य नव्हते. देवाला न चालणारा हात कापसाला चालत होता. आणि ज्या घरात खरोखर विसावा मिळाला, तिथेही त्याची किंमत वेगळे ताट, वेगळे अंथरूण आणि पोराने जवळ येऊ नये अशी ताकीद, ही होती. पाळीच्या दिवसांत अंग दुखते, रक्त जाते, जेवण आणि झोप जास्त लागते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला विसावा हक्काने मिळाला पाहिजे. तो अपवित्रतेच्या बदल्यात मिळत असेल, तर रोज बुडू नये म्हणून ती एक दिवस पाळीच काढून टाकायला तयार होते. बीड जिल्ह्यात २०१९मध्ये राज्य समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यामागे दुखणी होती, भीती घालणारे सल्ले होते, खाड्याचा दंड होता. पण पाळी ही बाईच्या अंगातली अडचण आहे, ही समजूत आधीच पक्की नसती, तर इतक्या कमी वयात इतक्या जणी टेबलावर चढल्या नसत्या.

शेवटचा आक्षेप विज्ञानाच्या बाजूचा. शरीरशास्त्राने सगळे उलगडून दाखवले असताना आठशे वर्षांपूर्वीच्या साधूची साक्ष कशाला काढायची? श्रद्धेच्या आधाराने आरोग्य शिकवले तर उद्या दुसरा कुणी श्रद्धेच्याच आधाराने उलटे शिकवील, ही भीतीही खरी आहे. पण चक्रधरांची साक्ष मी श्रद्धेसाठी काढत नाही. शाळेच्या पुस्तकातला गर्भाशयाचा छेद मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. घरी तिला देवघरापासून अडवणाऱ्या आजीचा प्रश्न वेगळा असतो. तो धर्माचा असतो, आणि त्याला संप्रेरकांची नावे सांगून उत्तर होत नाही. गावातली आशाताई हे रोज अनुभवते. मुली मान डोलावतात, पॅड घेतात आणि घरी जाऊन पुन्हा कोपऱ्यात बसतात. त्या आजीला तिच्याच मुलखातली, तिच्याच भाषेतली, डोळ्यांच्या चिपडांची आणि नाकातल्या शेंबडाची गोष्ट सांगितली तर तिला निदान वाद घालावा लागेल. वाद घालू लागलेली आजी मुकाट्याने अडवणाऱ्या आजीपेक्षा नातीला जवळची असते. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. लीळाचरित्राचा तिथे अभ्यास होईल, पाठभेद तपासले जातील, प्रबंध निघतील. ते व्हायलाच हवे. त्याबरोबर ही एक लीळा सोप्या मराठीत आणि वऱ्हाडीत छापून मोर्शी-चांदूरबाजारच्या अंगणवाड्यांत, डफरीनच्या आणि लेडी हार्डिंगच्या बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लावता येईल. तिथे रांगेत बसलेल्या बायांत वाचता येणारी एक तरी असतेच, आणि ती बाकीच्यांना वाचून दाखवते.