दवाची रात्र

लिथुआनियन भाषेत दवाला 'रसा' म्हणतात. आपल्या 'रस' या शब्दाची ही बहीणच. तिथे अग्नी म्हणजे 'उग्निस', देव म्हणजे 'दिएवास', धूर म्हणजे 'दूमाइ' आणि मुलगा म्हणजे 'सूनुस'. संस्कृतातला 'सूनु' आठवतोय ना? दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुटुंबातल्या. फरक इतकाच, की लिथुआनियनने घरातल्या जुन्या वस्तू जरा जास्तच जपून ठेवल्या.

या 'रसा'चं अनेकवचन 'रासोस', आणि वर्षातल्या सगळ्यात लहान रात्रीच्या सणाचं नावही तेच. १९६७ च्या जूनमध्ये काही विद्यार्थी, ट्रेकर्स आणि तरुण अभ्यासक व्हिल्नियसपासून साधारण ३५ किलोमीटरवरच्या केर्नावे गावात जमले आणि त्यांनी हा सण जाहीरपणे साजरा केला. शेकोटी, गाणी, रात्रभर जागरण, पहाटे सूर्याचं स्वागत. बस, एवढंच. पण त्या रात्रीतून पुढे एक धर्म उभा राहिला, माणसांच्या नोकऱ्या गेल्या आणि तिचा हिशोब संसदेत नि न्यायालयात २०२४ पर्यंत चालला.

एक सण भरवणं इतकं महागात का पडावं, त्याची ही गोष्ट.

*

आधी थोडं मागे जाऊ. ख्रिस्ती धर्म न स्वीकारलेल्या जुन्या युरोपीय परंपरांना 'पेगन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेडूत. शहरं ख्रिस्ती झाली, खेडी मागे राहिली, म्हणून हा शब्द. युरोपात सगळ्यात उशिरापर्यंत मागे राहिलेलं राज्य म्हणजे लिथुआनिया. इथला महाराजा अल्गिर्दास १३७७ मध्ये वारला तेव्हा त्याचं दहन झालं, घोड्यांसकट. त्याचा मुलगा योगाइला पोलंडच्या राणीशी लग्न करून तिथला राजा झाला. त्या सौद्याचा भाग म्हणून १३८७ मध्ये लिथुआनियाचा बाप्तिस्मा झाला. पश्चिमेकडच्या समोगितिया प्रांताला त्यानंतरही सव्वीस वर्षं लागली.

बाप्तिस्मा राजाचा झाला, शेतकऱ्याचं पंचांग मात्र तेच राहिलं. जूनमधल्या त्या रात्रीला आता सेंट जॉनच्या नावाने 'योनिनेस' म्हणू लागले. पण वनस्पती गोळा करणं, आग पेटवणं, नदीत फुलांचे मुकुट सोडणं चालूच राहिलं. नाव चर्चचं आणि रात्र जुनीच, असा हा समझोता काही शतकं टिकला. ही गाणी पुढे अभ्यासकांना मिळाली ती पेगन पुजाऱ्यांकडून नव्हे. रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या कॅथलिक आज्यांकडून मिळाली.

विसाव्या शतकात हा सण जाणीवपूर्वक भरवणारे लोकही होते. नेमुनास नदीकाठच्या राम्बीनास टेकडीवर असे मेळावे व्हायचे. तिथल्या गायनाशी आणि नाटकांशी विदूनास या तत्त्वज्ञाचं नाव जोडलेलं आहे. विदूनास थिऑसॉफिस्ट होता आणि त्याने भगवद्गीतेचं लिथुआनियन भाषांतर केलं. म्हणजे आपल्या मुळांचा शोध घेताना या लोकांची नजर भारताकडे वळत होती, ती आजकालची नव्हे.

मग १९४० आलं. सोव्हिएत ताबा, मग नाझी, मग १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत. हजारो कुटुंबं गुरांच्या डब्यांतून सायबेरियात नेली गेली. चर्चवर पाळत बसली. स्वतंत्र लिथुआनियाचा झेंडा गुन्हा ठरला.

*

अशा देशात १९६७ मध्ये तुम्हाला पेगन सण भरवायचा असेल, तर काय काय लागेल?

पहिली गोष्ट, जागा. केर्नावेची निवड सहज झालेली नाही. नेरिस नदीच्या वळणावर तिथे गवताने झाकलेली पाच मोठी टेकाडं आहेत. ही मध्ययुगातल्या लाकडी किल्ल्यांची जागा. तेराव्या-चौदाव्या शतकात इथे मोठं नगर होतं. एका टेकाडाला लोक आजही 'आउकुरास', म्हणजे अग्निवेदी, म्हणतात. तिथे उभं राहिलं की भाषण करावं लागत नाही. आपलं एक राज्य होतं, हे टेकाडच सांगतं.

दुसरी गोष्ट, विधी. इथे खरी अडचण होती. ना पोथी, ना पुरोहित. जुन्या धर्माबद्दल जे लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक त्याच्या शत्रूंनी लिहिलेलं. 'रोमुवा' या पवित्र स्थळाचा उल्लेख चौदाव्या शतकातल्या बखरीत येतो. ती लिहिणारा ट्युटॉनिक ऑर्डरचा, म्हणजे या लोकांना तलवारीने बाटवायला निघालेल्या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा माणूस. उरली खेड्यातली गाणी. त्यांना 'दाइनोस' म्हणतात. विद्यार्थी सुट्टीत गावोगाव जात, म्हाताऱ्या बायांसमोर बसून ती उतरवून घेत. त्यांतलाच एक प्रकार 'सुतार्तिनेस': दोन-तीन जणी वेगवेगळे स्वर एकमेकांवर असे आदळवतात की पहिल्यांदा ऐकताना काहीतरी चुकतंय असं वाटतं. चुकत काहीच नसतं. २०१० मध्ये युनेस्कोने या गायनाची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

तिसरी गोष्ट, क्रम. रासोसची रात्र साधारण अशी जाते. संध्याकाळी बायका-मुली कुरणात वनस्पती गोळा करतात, त्यांचे मुकुट विणतात. हिरव्या फांद्यांनी सजवलेल्या कमानीतून सगळे आत येतात. सूर्य मावळताना त्याला निरोप देतात. मग शेकोटी, तिच्यावरून उड्या, फेर धरून नाच. पेटतं चाक उतारावरून नदीकडे सोडतात. मुकुटांत मेणबत्त्या ठेवून ते पाण्यात सोडतात. मध्यरात्री जोड्या जंगलात नेच्याचं फूल शोधायला जातात. नेच्याला फूल येत नाही, हे प्रत्येकाला माहीत असतं. शोधायला मात्र सगळे जातात. पहाटे सूर्य वर येतो आणि लोक गवतावरच्या दवाने तोंड धुतात.

नीट पाहिलं तर यात 'मी अमुक देवावर विश्वास ठेवतो' असं म्हणण्याची जागाच नाही. माणसं येतात, काहीतरी करतात, एकत्र गातात. त्या रात्रीची कार्यक्रमपत्रिका हीच हळूहळू पोथी झाली. आधी श्रद्धा आणि मग सण, असा आपला समज असतो. इथे उलट झालं.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक होती: सरकारला सांगायचं काय?

उत्तर तयार होतं. हा लोकसंस्कृतीचा कार्यक्रम आहे. सोव्हिएत राजवटीला धर्म नको होता, पण 'जनतेची कला' हवी होती. चर्चच्या विधींना पर्याय म्हणून सरकार स्वतःच नवे नागरी विधी रुजवू पाहत होतं. कॅथलिक रंग नसलेला जुना ग्रामीण सण त्या चौकटीत बसण्यासारखा होता.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर याच्या नेमकं उलट घडलं होतं. इंग्रजांना राजकीय सभा खुपायच्या, म्हणून सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मांडवात राजकारण आलं. केर्नावेत धर्म खुपत होता, म्हणून लोककलेच्या मांडवात धर्म आला.

*

या कामात पुढे असलेल्यांपैकी एक होता योनास त्रिंकूनास. जन्म १९३९, व्हिल्नियस विद्यापीठातला तरुण अभ्यासक. त्याच्याभोवती 'रामुवा' नावाचं मंडळ उभं राहिलं: लोकगीतं गोळा करणं, सहली काढणं, सण भरवणं. वरवर पाहिलं तर कॉलेजातलं एखादं हौशी मंडळ.

पण गुप्त पोलीस गाण्यांचे शब्द ऐकत नव्हते, गर्दी मोजत होते. परवानगीशिवाय, पक्षाच्या झेंड्याशिवाय तरुण मुलं रात्रभर एकत्र बसतात आणि जुन्या राजधानीच्या टेकाडावर जुन्या भाषेत गातात, हे त्यांना कळायला फार वेळ लागला नाही. १९७१ मध्ये मंडळ मोडून काढलं गेलं. १४ मे १९७२ ला काउनास शहरात रोमास कलांता या १९ वर्षांच्या मुलाने सोव्हिएत सत्तेच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतलं. हजारो तरुण रस्त्यावर आले आणि त्यानंतर सगळीकडेच फास आवळला गेला. १९७३ मध्ये स्थानिक इतिहास गोळा करणाऱ्या हौशी मंडळींना अटका झाल्या. त्याच वर्षी त्रिंकूनासची विद्यापीठातली नोकरी गेली. पुढची सुमारे पंधरा वर्षं संशोधनाची दारं त्याला बंद होती.

शेकोटी पेटवण्याची ही किंमत. या काळात सण पूर्ण विझला नाही. तो लहान झाला, घरगुती झाला. गाणी गायला परवानगी लागत नाही, आणि पाठ असलेलं गाणं झडतीत सापडत नाही.

१९८८ मध्ये बर्फ वितळायला लागला. 'सायूदिस' ही स्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली. बाल्टिक देशांतल्या या उठावाला जग 'गाणारी क्रांती' म्हणतं. २३ ऑगस्ट १९८९ ला तीन देशांतल्या सुमारे वीस लाख माणसांनी हात धरून व्हिल्नियस ते टालिन मानवी साखळी केली. दोन दशकं दबकत गायलेली गाणी आता चौकांत मोठ्याने म्हटली जात होती. त्रिंकूनास आणि त्याची पत्नी इनिया यांनी 'कूलग्रिंदा' हा गायकांचा गट सुरू केला. ११ मार्च १९९० ला स्वातंत्र्य जाहीर झालं. १९९२ मध्ये 'रोमुवा' हा धर्मसमुदाय म्हणून नोंदला गेला.

गोष्ट इथे सुखाने संपायला हरकत नव्हती.

*

१९९५ च्या कायद्याने लिथुआनियात धर्मांच्या पायऱ्या ठरल्या. वरच्या पायरीवर नऊ 'पारंपरिक' समुदाय: कॅथलिक, लुथरन, ऑर्थोडॉक्स, ज्यू, सुन्नी मुस्लिम वगैरे. देशात सगळ्यात जुना असल्याचं सांगणारा धर्म त्या यादीत नव्हता. बाकीच्यांसाठी नियम असा: नोंदणीनंतर २५ वर्षं थांबा, मग संसदेकडे मान्यता मागा. मान्यता मिळाली तर तुमच्या पद्धतीने लागलेलं लग्न कायद्याने लग्न ठरतं आणि शाळेत तुमचा धर्म शिकवता येतो.

रोमुवाने २५ वर्षं मोजली आणि २०१७ मध्ये अर्ज केला. योनास तोवर, २०१४ मध्ये, वारला होता. 'क्रिवे', म्हणजे प्रमुख पुरोहित, या जागी आता इनिया होती, या पदावरची पहिली स्त्री. २०११ च्या जनगणनेत ५,११८ लोकांनी आपला धर्म रोमुवा लिहिला होता. न्याय मंत्रालयाचा अहवाल अनुकूल होता. कॅथलिक बिशपांनी विरोध कळवला. २७ जून २०१९ ला, म्हणजे रासोसनंतर तीनच दिवसांनी, संसदेने मान्यता नाकारली.

चर्चेत काही खासदारांचा एक सूर होता: हा धर्म कुठला? ही तर लोककला.

१९६७ मध्ये जीव वाचवायला चढवलेला मुखवटा पन्नास वर्षांनी त्यांच्याच चेहऱ्यावर चिकटवला जात होता. तेव्हा 'ही फक्त गाणी आहेत' हे पोलिसांना पटलं नाही. आता 'ही फक्त गाणी नाहीत' हे खासदारांना पटेना.

प्रश्न अगदीच फालतू नव्हता, हेही मान्य करायला हवं. सहा शतकांचा खंड पडलेली गोष्ट गोळा करून पुन्हा जोडली, तर ती जुनी म्हणायची की नवी? अभ्यासक यावर वाद घालतात आणि त्यांनी घालावा. पण कोणता सण असा आहे, जो कुणीतरी कधीतरी बसून ठरवला नाही? आणि मुख्य म्हणजे, हे ठरवायचा अधिकार सरकारचा आहे का? युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ८ जून २०२१ ला सांगितलं, की रोमुवाच्या बाबतीत राज्यसंस्था तटस्थ राहिली नाही. त्यानंतरही संसदेला वेळ लागला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

दरम्यान राज्याने एक गोष्ट आधीच करून टाकली होती. २४ जून आता सरकारी सुट्टी आहे, आणि कॅलेंडरवर दोन्ही नावं शेजारी-शेजारी छापली जातात: योनिनेस आणि रासोस. सेंट जॉन आणि दव.

त्या रात्री केर्नावेच्या टेकाडांवर आजही गर्दी होते. त्यातले बहुतेक जण कागदोपत्री कॅथलिक असणार. काही फक्त गाण्यांसाठी येतात, काही मैत्रिणीला मुकुट विणता येतो म्हणून. पहाटे सगळेच वाकतात आणि ओल्या गवतावरून हात फिरवून तोंड धुतात. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, की हे तू धर्म म्हणून करतोस की संस्कृती म्हणून.