मुहम्मद अलींच्या पणजोबांचे गाव

मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांचे नाव आपल्या घराघरात ठाऊक आहे. १९६४ साली त्यांनी कॅशियस क्ले हे नाव टाकून दिले. ते गुलामीचे नाव आहे, असे ते सांगत. हे सगळे आपण अभिमानाने एकमेकांना सांगतो. पण त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव ग्रेडी होते आणि ते थेट आयर्लंडमधून आले होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

अलींच्या आई ओडेसा ग्रेडी. त्यांचे आजोबा एब ग्रेडी हे आयर्लंडच्या क्लेअर काउंटीतील एनिस गावचे. १८६० च्या दशकात ते अमेरिकेला गेले, केंटकी राज्यात राहिले आणि गुलामीतून सुटलेल्या एका काळ्या स्त्रीशी त्यांनी लग्न केले. १९७२ साली अली डब्लिनला एक लढत खेळून गेले होते. पण एनिसचा दुवा २००२ च्या सुमारास क्लेअरमधील वंशावळ-संशोधकांनी जुळवला. १ सप्टेंबर २००९ रोजी अली एनिसला गेले. आजाराने थकलेल्या त्या माणसाला पाहायला रस्ते भरून गेले होते. गावाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. टर्नपाइक रोडवर, जिथे ग्रेडी कुटुंब राहत होते, तिथे त्यांना नेले. गावातच राहून गेलेल्या शाखेतील दूरचे नातेवाईकही त्यांना भेटले.

दीडशे वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या एका गरीब माणसाचे घर आणि त्याचे आजचे भाऊबंद कसे सापडतात? हा प्रश्न मला इतिहासाचा शिक्षक नसूनही पडला, आणि त्याचे उत्तर वाचताना मी थक्क झालो. कारण आयर्लंडचे दप्तर तर जळालेले आहे.

३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत प्रचंड स्फोट झाला आणि तिथले सरकारी अभिलेखागार भस्मसात झाले. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांची बहुतेक कागदपत्रे, हजारो मृत्युपत्रे, प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो नोंदवह्या त्यात गेल्या. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणनांचे कागद त्याआधीच सरकारने स्वतः नष्ट केले होते, काहींचा तर पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा केला गेला. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील आठ जनगणनांपैकी हाती उरले ते केवळ तुकडे. आणि हेच शतक दुष्काळाचे! १८४५ पासून बटाट्याचे पीक सडत गेले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीने मेली, सुमारे दहा लाख देश सोडून गेली. १८४१ साली ८२ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाखांवर आली. ज्या पिढीचा शोध घ्यायचा, नेमकी तिचीच गणती राखेत गेली.

तरी शोध लागतो, कारण माणसांची मोजणी नष्ट झाली तरी राज्यकर्त्यांनी जमीनही मोजली होती. कर बसवण्यासाठी रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात सगळ्या आयर्लंडचे मूल्यमापन झाले. प्रत्येक घराचा, शेताचा, झोपडीचा कब्जेदार कोण, मालक कोण आणि त्याची वार्षिक किंमत किती, हे छापून निघाले. एनिसच्या टर्नपाइक रोडवरचे जॉन ग्रेडी यांचे घर अशाच नोंदीतून सापडले. ज्या यादीचा हेतू वसुली होता, ती आज गरिबांची नावे सांगणारी सर्वांत मोठी यादी ठरली आहे.

दुसरा आधार कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांचा. त्या गावोगावच्या चर्चमध्येच राहिल्या, डब्लिनला गेल्या नाहीत, म्हणून वाचल्या. पाद्री बहुधा लॅटिनमध्ये लिहीत, त्यामुळे जेम्सचा जॅकोबस होतो. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाच्या आईचे माहेरचे आडनाव आणि दोन धर्ममातापित्यांची नावे असतात. हे दोघे बहुधा मामा, मावशी, काका, आत्या असेच कुणी. म्हणजे चार शब्दांच्या एका नोंदीत दोन घराणी उभी राहतात. या वह्यांच्या प्रती आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या. १ जानेवारी १८६४ पासून सर्व धर्मांच्या जन्म, मृत्यू, विवाहाची सरकारी नोंद सुरू झाली. तीही आज बरीचशी घरबसल्या पाहता येते.

एक गंमतही सांगतो. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना वृद्धापकाळाची पेन्शन मिळू लागली. पण १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे जन्मदाखला कुठला? मग डब्लिनला अर्ज जाई, की १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत या म्हाताऱ्याचे नाव शोधा. कारकून शोधून उतारा लिहीत. पुढे मूळ जनगणना जळाली, पण हे अर्ज उरले! आणि १९०१ व १९११ या दोन जनगणना, ज्या पूर्ण शिल्लक आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दिसते की कित्येकांचे वय दहा वर्षांत पंधरा-वीस वर्षांनी वाढले आहे. पोटासाठी माणूस कागदावर म्हातारा होतो, हे काही केवळ आपल्याकडेच घडत नाही.

आता जिवंत नातेवाईक. त्यासाठी आधी वर चढून मग खाली उतरावे लागते. परदेशी गेलेल्याचा शोध पुरे नाही, त्याचा जो भाऊ किंवा बहीण गावात राहिली तिचा माग काढावा लागतो. ग्रिफिथच्या नोंदीनंतरही दुरुस्ती वह्या चालू राहिल्या. आपल्याकडे फेरफार होतो तसे जुने नाव खोडून नवे नाव आणि साल लिहिले जाई. त्या धाग्याने वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून सुनेकडे असे येत येत माणूस विसाव्या शतकात पोचतो आणि कधी कधी त्याच घराच्या दारात उभा राहतो. मात्र टाउनलँडचे नाव हवे. आपल्या वाडीएवढ्या या तुकड्यांची संख्या साठ हजारांवर आहे. ‘आमचे पूर्वज आयर्लंडचे’ एवढ्याने काही होत नाही. पुढे कबरीवरचे दगड, चर्चचे पाद्री आणि गावातले वयस्क उपयोगी पडतात. आयर्लंड रीचिंग आउट नावाच्या संस्थेचे स्वयंसेवक तर गावोगाव बसून परदेशातल्या वारसांना मदत करतात. डीएनए चाचणीही आहे, पण ती फक्त सांगते की हा माणूस तुमचा कुणीतरी लागतो. कोण लागतो, ते कागदच सांगतो.

आपल्या मुंबईचाही यात दुवा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या फौजेत आयरिश तरुणांचा मोठा भरणा होता. कंपनीची मुंबईची युरोपियन पलटण पुढे रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स झाली आणि १८८१ साली तिचेच रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या दुसऱ्या बटालियनमध्ये रूपांतर झाले. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुण्याच्या छावणीत जन्मलेले आयरिश शिपायाचे मूल तिथे सापडते. पण आई जर हिंदुस्थानी असेल तर जुन्या नोंदींत अनेकदा तिचे नाव नसते, किंवा बाप्तिस्म्याचे एखादे नाव असते आणि त्यापुढे काहीच नाही.

इथेच मला पुन्हा केंटकीतली ती स्त्री आठवते. अलींच्या पणजोबांचे गाव सापडले, रस्ता सापडला, भाऊबंदही सापडले. पणजीच्या माहेराचे काय? अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तीत मालकाचे नाव असे, गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. बहुसंख्य काळ्या माणसांची नावे प्रथम १८७० साली लिहिली गेली. आयरिश कूळ कितीही नाडलेले असो, कब्जेदार म्हणून त्याचे नाव तरी होते. त्याच्या बायकोचे माहेर चर्चच्या वहीत होते. या बाईच्या वाट्याला तेवढेही आले नाही. अलींनी क्ले हे नाव का झुगारले, ते हे कागद पाहिल्यावर अधिक कळते.

आपल्यात शजरा सांगण्याची मोठी हौस आहे. मी वर्गात मुलांना शजरा लिहून आणायला सांगतो. बापाकडून पाच-सहा पिढ्या येतात, कधी त्यात एखादे बुजुर्गही येऊन बसतात. पण पणजीचे नाव विचारले की वर्ग गप्प होतो. सिला-रहमी, म्हणजे रक्ताची नाती जपणे, हे आपण दीनचे काम मानतो. ज्यांचे नावच ठाऊक नाही त्यांच्याशी नाते जपायचे कसे? आणि नाती काही केवळ बापाच्या बाजूने येत नाहीत.

तेव्हा एक करा. घरात नानी, दादी हयात असेल तर तिच्याजवळ बसा. तिच्या आईचे नाव, तिच्या नानीचे नाव, त्यांचे माहेर कुठले, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. साल नीट आठवत नसेल तर कोणता दुष्काळ, कोणती साथ, कोणाचे लग्न, असे विचारा. आपल्या आज्या-पणज्यांसाठी कुणी ग्रिफिथ येऊन गेलेला नाही. ती वही आपल्यालाच लिहावी लागेल.