न उमटलेली रेघ

वर्गात हजेरी घेताना मास्तराचे कान 'हजर' या शब्दाला सरावलेले असतात. पण खरी बातमी मिळते ती उत्तर न आलेल्या नावाकडून. चार दिवस एखादे पोर दिसले नाही, की त्याच्या घरी काहीतरी घडले आहे हे आम्ही ओळखतो. वैद्यकातील एक मोठा शोध असाच गैरहजेरीतून लागला, म्हणून तो सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

गोष्ट स्वीडनमधील माल्मो शहरातली. तेथील इस्पितळात कार्ल-बर्टिल लॉरेल हे रोग्यांच्या रक्तातील प्रथिने तपासत असत. रक्तद्रवाचा थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवून विजेचा प्रवाह सोडला, की प्रथिने आपापल्या गतीने सरकतात आणि रंग दिल्यावर त्यांच्या रेघा उमटतात. सुमारे १५०० पट्ट्यांपैकी पाचांवर 'आल्फा-एक' ही रेघ उमटलीच नव्हती. दुसऱ्या कोणी कागदाला दोष देऊन त्या टाकून दिल्या असत्या. लॉरेल यांनी स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरला बरोबर घेऊन त्या पाच जणांचा माग काढला. तिघांना फुप्फुसाचा जडा विकार होता. श्वासाच्या इवल्या पिशव्यांच्या भिंती झिजलेल्या, त्यांचा लवचिकपणा गेलेला आणि माणूस चार पावलांत धापा टाकणारा! १९६३ साली त्या दोघांनी हे प्रसिद्ध केले.

गैरहजर प्रथिनाचे नाव अँटिट्रिप्सिन. अन्न पचविणाऱ्या ट्रिप्सिनला ते अडवते, म्हणून हे नाव पडलेले. पण फुप्फुसात ट्रिप्सिनचे काय काम? त्याच सुमारास अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे पॉल ग्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसात पपेन सोडून पाहिले. पपेन म्हणजे आपल्या पपईच्या चिकातले, मांस मऊ करणारे द्रव्य. उंदरांना तोच विकार जडला! पुढे उलगडले, की असेच एक पाचक द्रव्य आपल्या रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीच बाळगतात. ते इलॅस्टेज. जंतूंवर धावून जाताना या पेशी ते शस्त्र उपसतात. पण झटापटीत ते घराच्या भिंतींनाही लागते. यकृतात तयार होणारे अँटिट्रिप्सिन तेथे उंदराच्या सापळ्याप्रमाणे वाट पाहते. इलॅस्टेजने आमिषाला तोंड लावले, की सापळा मिटतो आणि दोघेही संपतात.

काहींच्या शरीरात हा राखणदार जन्मतःच अपुरा असतो. अशांसाठी दात्यांच्या रक्तातून काढलेले अँटिट्रिप्सिन शिरेतून देण्यास अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली. मात्र ज्यांच्यापाशी तो जन्मापासून पुरेसा आहे, त्यांच्यातही विडी-सिगारेटचा धूर सापळ्याची कळच बिघडवतो. शिवाय पांढऱ्या पेशींची गर्दी फुप्फुसात ओढून आणतो.

मधल्या सुटीत शाळेमागच्या चिंचेखाली विडी ओढणारे आमचे एक सहकारी मला आठवतात. जिना चढताना ते मध्येच थांबत आणि "वय झालं, मास्तर," म्हणत. वय अवघे अठ्ठेचाळीस होते. तेव्हा ही हकिगत मला ठाऊक असती, तर त्यांच्या हातची विडी मी खचित काढून घेतली असती.